'फरक आढळला नाही' म्हणजे काय?

रूमॅटॉइड संधिवातावर आयुर्वेदीय उपचार मेथोट्रेक्सेटइतकेच गुणकारी ठरले, असे सांगताना कोइमतूर येथे झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा दाखला दिला जातो. चाचणी काटेकोर होती. वैद्यांनी रुग्णागणिक औषधे ठरवली. तरी खरे औषध कोणते नि लटके कोणते, हे रुग्णाला कळू दिले नाही. हे आम्ही मोलाचे मानतो. पण रुग्ण अवघे ४३, गट तीन. संशोधकांनीही तिला प्राथमिक चाचणीच म्हटले. इतक्या लहान गटांत खरा फरकही लपून राहू शकतो. भाजीच्या तराजूत दोन अंगठ्या सारख्या भरल्या, तर सोनार त्या सारख्या मानील काय? 'फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' नव्हे. या आजारात झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून एवढ्याच पुराव्यावर चालू औषध सोडणे आम्हांला धोक्याचे वाटते.