जिजाई आणि सालोमालो

संताची भूमिका करणाऱ्या नटाला लोक हात जोडतात. त्या संतावर चिडणाऱ्याची किंवा त्याला छळणाऱ्याची भूमिका करणारा मात्र विस्मरणात जातो. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाचेही तसेच झाले आहे. विष्णुपंत पागनीस सर्वांना ठाऊक आहेत. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेल्या या गायक नटाने तुकोबाराय असे उभे केले की पुढे अनेकांच्या मनात महाराजांचे तेच रूप ठसले. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण त्याचे अर्धे बळ दोन दुय्यम पात्रांत आहे, असे मला वाटते.

पहिले पात्र जिजाई. ही भूमिका गौरी या नटीने केली. आपल्या कीर्तनांत आवलीचे काय होते ते श्रोत्यांना सांगायला नको. ती आली की हशा ठरलेला. कजाग बायको, बिचारा नवरा, दोन विनोद, आणि पुढे अभंग! गौरीची जिजाईही तोंडाळ आहे, पांडुरंगाला बोल लावते. पण ती का बोलते, हे आपल्याला दिसत राहते. घरात दाणा नाही, पोरे उपाशी आहेत. आजारी मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि देवावरच वहाण उगारते, तेव्हा हसू येत नाही. जो ऐकतो आहे अशी खात्री असते, त्याच्याशीच माणूस भांडतो. म्हणजे तीही देवाशीच बोलते आहे. तुकोबा नामाने बोलतात, ही रागाने बोलते. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आवली परंपरेने आपल्याला दिली, ती हीच. संसाराचे ओझे तिने पेलले म्हणून महाराजांचे भजन चालले. वैकुंठगमनाच्या वेळीही ती मागेच राहते.

दुसरे पात्र सालोमालो. ते भागवत या नटाने रंगवले. तुकोबांचे अभंग चोरून तो आपले म्हणून गातो. एकच पद महाराज साधेपणाने आळवतात आणि तेच हा नाटकी ढंगाने सजवून म्हणतो. संगीतकार केशवराव भोळे यांनी हा फरक नुसत्या चालीतून दाखवला आहे. शब्द तेच, पण एक देवासाठी गातो आणि दुसरा सभेसाठी. कीर्तनकाराने हा प्रसंग वर्षातून एकदा तरी पाहावा. उणे काढायचे तर एवढेच, की सालोमालो सर्वत्र काळाच रंगवला आहे. जिजाईला जे मन मिळाले ते त्याला मिळाले नाही.

याच बोलपटातील ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके उतरले की पुष्कळजण ते तुकोबारायांचेच समजतात. कीर्तनातही ते त्याच नावाने म्हटले जाते. कवीच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही. पण सालोमालोने दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घेतले. आपण एकाचे शब्द दुसऱ्याच्या नावावर घालतो. हेतू शुद्ध असला तरी लिहिणाऱ्याचे नाव पुसले जातेच. ते पद जरूर गावे. गाण्याआधी आठवल्यांचे नाव घ्यावे. त्याने रंग कमी होत नाही.

आणि पुढच्या बीजेच्या कीर्तनात आवली आली, तर तिच्यावर विनोद करण्याआधी तिच्या चुलीकडे एकदा पाहावे. ती पेटलेली आहे की विझलेली, हे कळले की बोलण्याचा सूर आपोआप बदलेल.

राम कृष्ण हरी.