कारल्याची बाजू

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणसाचा मूळ स्वभाव पालटत नाही, हे सांगायला ती वापरतात. टीकालेखन करता करता माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि टीकाकाराला दुसऱ्याच्या विधानातली खोट शोधण्याची खोड असते. ही म्हण ऐकली की मला वाटते, इथे निरीक्षण बरोबर आहे, पण आरोपी भलताच धरला आहे. कारले कडू राहते हे खरे. पण ज्या मुलाने सातव्या वर्षी कारल्याच्या फोडी ताटाखाली लपवलेल्या असतात, तोच चाळिशीत बाजारातून आपल्या हाताने कोवळी कारली निवडून आणतो. तळण्या-घोळण्याचा सगळा खटाटोप कारल्यावर झाला, आणि पालटली ती जीभ. म्हण रचणाऱ्याने जिभेची साक्ष काढलीच नाही.

ती साक्ष आज काढावी म्हणतो. दिवाळी अंकात बुंदी-चकलीचे कौतुक इतरत्र असेलच. पहिल्या घासाला न आवडणाऱ्या आणि मग जन्मभर न सुटणाऱ्या पदार्थांची बाजूही कोणी तरी मांडायला हवी.

माझे आजोळ शिवथरच्या खोऱ्यात. महाडहून तीसेक किलोमीटर आत, वरंध घाटाच्या पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी सह्याद्रीचे कडे. समर्थ रामदासांनी 'दासबोध' सांगितला तो इथल्या घळीत, अशी परंपरा आहे, आणि 1930 साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ही जागा पुन्हा उजेडात आणली. पावसाळ्यात घळीशेजारी धबधबा कोसळतो, तेव्हा बोललेले ऐकू येत नाही. खाचरात भात आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, अशी तिथली शेती. भात कापून झाला की जमिनीतल्या ओलीवर कडवे वाल टाकायचे. आजीकडचा हिशेब सोपा होता: भात विकायचा आणि नाचणी खायची.

मला दोन्ही गोष्टींचा तिटकारा होता. नाचणीची भाकरी काळपट, घशाशी खरखरणारी. आणि कडवे वाल! ते भिजवायचे, मोड आणायचे, मग घरातल्या सगळ्यांनी परातीभोवती बसून एकेक दाणा सोलायचा, आणि एवढे करून जे बिरडे व्हायचे त्यात गूळ-खोबरे घातले तरी मागून कडसर चव जिभेवर यायचीच. मी तोंड वाकडे करी. आजी कधी रागावली नाही, की 'खाल्लेच पाहिजे' म्हणाली नाही. ती पानाच्या कडेला चतकोर भाकरी आणि चमचाभर बिरडे ठेवी आणि म्हणे, "खाऊ नको. पानात असू दे."

पानात असू दे. या तीन शब्दांत जेवढे शहाणपण आहे तेवढे मला पुढे आस्वादमीमांसेच्या जाड ग्रंथांतही क्वचित सापडले. आहारशास्त्रज्ञ आता सांगतात की मुलाने नवा पदार्थ नाकारला तर लगेच हार मानू नये. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा तो थोडा थोडा समोर यावा लागतो, आणि सक्ती केली तर उलटाच परिणाम होतो. कडू चवीचा तिटकारा तर आपण जन्माला येतानाच आणतो. निसर्गातली कितीतरी विषे कडू असतात, त्यामुळे बाळाच्या जिभेने कडू थुंकून टाकणे हे मुळात शहाणपणच आहे. पुढे 'हे कडू आहे, पण घरातले सगळे खातात आणि सुखरूप असतात' एवढे जिभेला समजायला वेळ लागतो. शिकवणी मात्र फार लवकर सुरू होते. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये असे दाखवले की गरोदरपणी गाजराचा रस पिणाऱ्या आयांच्या बाळांनी पुढे गाजराची चव अधिक खुशीने स्वीकारली. म्हणजे पहिली पंगत आईच्या पोटातच बसते.

एकट्या माणसाचेच नव्हे, सबंध समाजाचेही असेच होते. ज्या मिरचीवाचून मराठी माणसाला जेवण अळणी वाटते, ती अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली. उपासाला चालणारा बटाटाही मूळचा तिकडचाच. या नव्या पाहुण्यांना पहिल्यांदा चाखणाऱ्या आपल्या पूर्वजांची तोंडे कशी झाली असतील, याची कल्पना करायला मला आवडते. मिरचीने तर जीभ पोळलीच असणार. तरी कुणीतरी ती पानात असू दिली.

आता आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांकडे वळतो. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' 1910 चे, हजार पाकक्रियांचे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची. वाटी-चमच्याच्या मापाने तिने नव्या संसारांना धीर दिला. या पुस्तकांचे ऋण कोण नाकारील? तरी टीकाकार म्हणून एक नोंद करतो. पाककृती पदार्थ पानात वाढते आणि थांबते. खाणारा तयार आहे, त्याची जीभ घडलेली आहे, हे ती धरूनच चालते. कारल्याला मीठ चोळून ठेवा, हे ती सांगते, आणि त्यात तथ्य आहे, कारण मीठ कडूपणा दाबते. पण त्या कारल्याशी घरातल्या लहानग्याची ओळख कशी करून द्यावी, हे आजीकडेच राहते. दुर्गाबाई भागवतांच्या 'खमंग'सारखे एखादे पुस्तक कृतीच्या पलीकडे जाऊन अन्नामागची माणसे आणि रीती दाखवते, म्हणून ते स्वयंपाक न करणाऱ्यानेही वाचावे.

आणि मग 2015 साली आलेले शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. जेवणाआधी घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातल्या एका शब्दामागे लेखकाने फक्त 'अ' लावला आहे, आणि त्या एका अक्षराने कितीतरी सुग्रास पाने अर्धी रिकामी दिसू लागतात. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांची खाद्यसंस्कृती या पुस्तकात आली आहे. ते वाचताना मला माझ्याच एका गैरसमजाचा पत्ता लागला. आपण 'हे मला आवडत नाही' म्हणतो तेव्हा जीभ बोलते असे आपल्याला वाटते. पण यातले कितीतरी पदार्थ माझ्या जिभेला कधी भेटलेलेच नव्हते. भेट झाली नसताना नावड आली कुठून? ती शिकवलेली होती. आवड शिकवावी लागते, तशी नावडही शिकवली जाते. फक्त ती फार लवकर येते आणि तिला चाखण्याचीही गरज पडत नाही.

याचा सर्वांत कठोर दाखला माझ्या आजोळच्या तालुक्यातच आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्य घालून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. तळ्याचे नाव चवदार असले तरी पाण्यात काय फरक पडला होता? आदल्या दिवशीचे आणि त्या दिवशीचे पाणी एकच होते. गाईचे शेण-मूत्र घातलेले पाणी चालले. माणसाची ओंजळ लागलेले चालेना. ज्या किळसेचा जिभेशी काही संबंध नाही, ती किळस माणसे किती निष्ठेने जपतात! तिच्यावर मिठाचा आणि गुळाचा उपाय चालत नाही. तिथे माणसालाच पालटावे लागते.

दुसऱ्याच्या नावडीवर बोलल्यावर आपलीही सांगावी. मी मुंबईला शाळेत असताना एका सुट्टीत वर्गातला एक मित्र माझ्याबरोबर आजोळी आला. आजीने दोघांना पाने मांडली. कडेला नेहमीप्रमाणे चतकोर नाचणीची भाकरी. मित्राने विचारले, "हे काय?" मी चटकन म्हणालो, "ते गड्यांचे खाणे. आम्ही खात नाही." आजी समोरच बसली होती आणि तिच्या ताटात तीच भाकरी होती. ती काही बोलली नाही. उठली, आमच्या पानांतले ते तुकडे उचलले आणि दोघांना भात वाढला. त्या दिवशी ती "पानात असू दे" म्हणाली नाही. पुढे त्या सुट्टीत माझ्या पानात भाकरी आली नाही. मला वाटले, आपण सुटलो.

नाचणी मला आवडू लागली ती फार उशिरा. एका पावसाळ्यात घळ पाहून भिजून परतताना खोऱ्यातल्या एका घरी आम्हांला गरम भाकरी आणि बिरडे मिळाले. भूक होती, चुलीची ऊब होती. भुकेला कोंडा म्हणतात ते खोटे नाही. पण त्याहूनही, मी ती चव ओळखली. इतक्या वर्षांनी समोर आलेली ती चव मला परकी वाटेना. आजी तेव्हा नव्हती.

आज नाचणी शहरात चकचकीत पाकिटांतून मिळते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून तिचा मान अधिकच वाढला. कुठल्याशा निमित्ताने ती पानात येते आहे, हे चांगलेच. तरी मला एक भेद करावासा वाटतो. लोह आणि कॅल्शियम मोजून खाल्ले म्हणजे पदार्थ पसंत झाला. तो आवडला असे नव्हे. नाचणीला नावाजणाऱ्याने ती पिकवणाऱ्याचेही नाव विचारले, तर ती आवड.

पुस्तकांचे याहून निराळे नाही. लहानपणी मला 'दासबोध' रोज एक समास वाचावा लागे आणि तो कोरडा वाटे. त्यातली मूर्खलक्षणे तेवढी आवडत, कारण ती शेजाऱ्यांना लावून पाहता येत. चाळिशीनंतर तीच लक्षणे वाचली, तेव्हा शेजाऱ्यांची आठवण फारशी झाली नाही. ग्रंथ तोच होता, वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा. भरतमुनींनी नाट्यातला रस समजावताना जेवणाचाच दाखला घेतला, आणि तिथेही चव घेणारा प्रसन्न मनाचा असावा अशी अट घातली, ती उगीच नव्हे. 'आवडले नाही' हा टीकेचा शेवटचा शब्द नाही. तो ओळखीचा पहिला शब्द आहे. काही गोष्टी ओळखीनंतरही आवडत नाहीत. भारंगीची पाने उकडून, पिळून केलेली भाजी मला अजून जमलेली नाही. पण आता मी तिच्याविषयी वाईट बोलत नाही.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की कोकणात तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू कण जिभेला लावतात. फराळाचे ताट त्यानंतर. लहानपणी मी तो कण चुकवीत असे. ओठांना बोट लावल्याचे नाटक करून लाडवाकडे धाव घेई. आता घरातली नातवंडे तेच करतात. मी पाहतो आणि पाहिले नाही असे दाखवतो. दुपारी पाने मांडली जातात तेव्हा त्यांच्या पुरणपोळीशेजारी, अगदी कडेला, चमचाभर वालाचे बिरडे असते. त्यांनी ते खाल्लेच पाहिजे असा आमच्या घरी नियम नाही.