स्वयंनिर्मित विश्लेषण-प्रतिमाने आणि त्यांचे दोषशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना

इमारतीची त्रिमितीय रचना संगणकावर रेखाटली की तिचे विश्लेषण-प्रतिमानही संगणकानेच तयार करावे, ही सोय संरचना अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये आता रूढ झाली आहे. त्यामुळे वेळ वाचतो आणि तीच रचना दोनदा रेखाटण्याचे श्रम टळतात. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र अशा प्रतिमानात दोष आढळल्यास ते दूर करण्याची प्रचलित रीत बव्हंशी पडद्यावरील इशारे नाहीसे करण्यापुरती मर्यादित राहते. इशारे संपणे आणि दोष संपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

देह आणि सांगाडा

भौतिक प्रतिमानात बीमला रुंदी आणि खोली असते. विश्लेषण-प्रतिमानात तो केवळ एक रेषा असतो. देहातून सांगाडा काढताना प्रत्येक सांध्यावर काही निर्णय घ्यावा लागतो. स्वयंनिर्मितीत हा निर्णय सॉफ्टवेअर घेते आणि तो घेतला गेल्याचे वापरकर्त्यास अनेकदा कळतही नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. 600 मि.मी. कॉलमच्या बाहेरील पृष्ठभागाशी 230 मि.मी. रुंदीचा बीम सपाट जुळवलेला आहे. आपल्याकडील इमारतींत ही रचना नित्याची आहे. येथे बीमची मध्यरेषा कॉलमच्या मध्यरेषेपासून 185 मि.मी. दूर राहते. सॉफ्टवेअरपुढे तीन पर्याय उरतात : रेषा न जुळवता तशीच सोडणे, बीम कॉलमच्या मध्यावर ओढून घेणे किंवा दोहोंमध्ये दृढ दुवा घालणे. पहिल्या पर्यायात इशारा मिळतो. दुसऱ्यात सर्व काही सुरळीत दिसते. परंतु बीमचा भार 100 किलोन्यूटन असल्यास त्या अंतरामुळे कॉलमवर येणारे 18.5 किलोन्यूटन-मीटरचे परिबल हिशेबातूनच निघून जाते. म्हणजे जो पर्याय निर्दोष भासतो, तोच अधिक घातक ठरू शकतो.

बोलके दोष आणि मूक दोष

या दृष्टीने दोषांचे दोन वर्ग करता येतात. आधाराविना राहिलेला बीम, कोठेही न जोडलेला नोड, अस्थिर ठरलेली चौकट हे बोलके दोष होत. त्यांच्यामुळे विश्लेषण थांबते किंवा इशारा तरी मिळतो. याउलट दृढ सांध्याऐवजी बिजागरीचा सांधा गृहीत धरला जाणे, स्लॅबचा भार चुकीच्या बीमकडे वळणे, भेगाळलेल्या काँक्रीटऐवजी अखंड छेदाचे जडत्व घेतले जाणे हे मूक दोष होत. आय.एस. 1893 भाग 1 च्या 2016 च्या आवृत्तीने भूकंपीय विश्लेषणात प्रबलित काँक्रीटच्या कॉलमसाठी स्थूल छेदाच्या जडत्वाच्या 70 टक्के आणि बीमसाठी 35 टक्के जडत्व घेण्यास सांगितले. हे गुणक घालायचे राहिले तरी विश्लेषण विनातक्रार पूर्ण होते.

बोलके दोष मिटविण्याच्या घाईत मूक दोष जन्मास येतात, ही बाब विशेष लक्षणीय आहे. नोड जुळत नसतील तर जुळणीची सहनमर्यादा वाढविणे हा लोकप्रिय उपाय आहे. परंतु ही मर्यादा 300 मि.मी.पर्यंत नेली, तर स्नानगृहाचा तेवढाच खाली घेतलेला स्लॅबही मुख्य स्लॅबच्या पातळीत विलीन होऊ शकतो. इशारा जातो आणि त्याबरोबर रचनेतील एक खरी पायरीही जाते.

इतिहासाची साक्ष

अमेरिकेतील हार्टफर्ड येथील सिव्हिक सेंटरचे छत 18 जानेवारी 1978 रोजी पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. काही तासांपूर्वीच तेथे हजारो प्रेक्षक उपस्थित होते. वरच्या थरातील दाबाखालील अवयवांना आडवा आधार मिळतो, असे विश्लेषणात गृहीत धरले होते. प्रत्यक्ष जोडणीत तो आधार पुरेसा नव्हता. बांधकामाच्या काळातच छताची झुक गणितापेक्षा बरीच अधिक आढळली होती, तरी संगणकीय उत्तरावरील विश्वास ढळला नाही.

नॉर्वेतील स्लाइप्नर-ए या सागरी तळाची काँक्रीट संरचना 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये बुडाली. तिच्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणात भिंतींच्या जोडाजवळील जाळी अपुरी होती. त्यामुळे तेथील कर्तन प्रतिबल सुमारे 47 टक्क्यांनी कमी मोजले गेले. सळयांची अपुरी पकड हेही एक कारण होते. पाण्याचा दाब आणि भिंतीच्या गाळ्याची निम्मी लांबी यांच्या गुणाकाराने या कर्तनाचा ढोबळ अंदाज कागदावरही येऊ शकला असता.

ही दोन्ही उदाहरणे आजच्या स्वयंनिर्मित प्रतिमानांपूर्वीची आहेत, हे खरे. तथापि जो दोष तेव्हा अभियंत्याच्या हातून एकदा होत असे, तो आता एका चुकीच्या नियमामुळे शेकडो सांध्यांत एकाच वेळी उतरू शकतो.

रेव्हिटमधील बदल

रेव्हिट या सॉफ्टवेअरच्या 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत भौतिक घटक रेखाटताच त्याचे विश्लेषण-प्रतिमान आपोआप तयार होई. 2023 च्या आवृत्तीपासून विश्लेषण-घटक स्वतंत्र करण्यात आले आणि स्वयंनिर्मिती हा जाणीवपूर्वक चालवावयाचा पर्याय झाला. सांगाडा ही देहाची केवळ सावली नव्हे, हे तत्त्व यात मान्य झाले असे म्हणता येईल. परंतु या स्वातंत्र्याची किंमतही आहे. एक प्रतिमान बदलले आणि दुसरे तसेच राहिले, तर दोहोंतील विसंगती हाच नवा मूक दोष ठरतो.

दोषशोधनाची दिशा

एकूण भार आणि एकूण प्रतिक्रिया यांची तुलना ही सर्वपरिचित चाचणी होय. 20 × 15 मीटरच्या 150 मि.मी. जाड स्लॅबचे वजन 25 किलोन्यूटन प्रति घनमीटर या हिशेबाने 1125 किलोन्यूटन येते. प्रतिक्रियांत ते दिसलेच पाहिजे. मात्र ही चाचणी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. भार चुकीच्या मार्गाने गेला तरी बेरीज बरोबरच येते. म्हणून झुकलेल्या चौकटीचा आकार पाहणे, एखाद्या बीमचे परिबल हाताने काढून ताडणे आणि जाळी बारीक करून उत्तर स्थिर राहते का हे तपासणे, या चाचण्यांची जोड द्यावी लागते. या सर्वांत एक अट समान आहे : उत्तर पाहण्यापूर्वी अभियंत्याच्या मनात उत्तराचा अंदाज असला पाहिजे.

निष्कर्ष

स्वयंनिर्मित प्रतिमान हे रचनेचे एक वाचन आहे, प्रत्यक्ष रचना नव्हे. त्याचे दोषशोधन म्हणजे त्या वाचनामागील गृहीतकांची तपासणी होय. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत विश्लेषण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याच्या संदेशालाच गुण मिळत असतील, तर विद्यार्थी इशारे पुसण्यात निष्णात होईल, रचना वाचण्यात नव्हे. इशारा न देणारे परंतु सदोष प्रतिमान विद्यार्थ्यापुढे ठेवावे आणि त्यातील दोष हाताने केलेल्या गणिताच्या आधारे शोधण्यास सांगावे, असा परीक्षापद्धतीतील बदल प्रस्तुत लेखक सुचवू इच्छितो.