अद्भुतरम्य साहसकथेतील इमानी कुत्रा

बालसाहित्यातील एक आशयसूत्र. घर सोडून अनोळखी वा अद्भुत प्रदेशात निघालेला मुलगा आणि त्याच्या पाठोपाठ, पुष्कळदा त्याच्या पुढे, चालणारा कुत्रा ही जोडी जगातील अनेक भाषांच्या बालसाहित्यात आढळते. या कथांत कुत्र्याकडे सामान्यतः तीन कामे असतात : वाट शोधणे, रक्षण करणे आणि माणसांना न जाणवणाऱ्या गोष्टींची चाहूल देणे. या तिन्ही कामांच्या मुळाशी निष्ठा असते. ही निष्ठा एकेरी आहे की परस्परांची, या प्रश्नाच्या उत्तरावर अशा कथेचे वाङ्‌मयीन मोल बहुतांशी ठरते.

भारतीय परंपरेत या सूत्राची मुळे प्राचीन आहेत. ऋग्वेदातील सरमा-पणी संवादात (मंडल १०, सूक्त १०८) इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून पणींनी दडवलेल्या गायींचा माग काढते. पणी तिला बहीण मानून गायींत वाटा देऊ करतात. ती तो नाकारते. बृहद्देवता या ग्रंथातील कथेत मात्र ती पणींकडील दुधाच्या मोहात पडते आणि इंद्राचा प्रहार सोसते. एकाच कथेची ही दोन रूपे लक्षणीय आहेत. पहिल्यात निष्ठा हा स्वभाव आहे, दुसऱ्यात ती मोडू शकणारी गोष्ट आहे.

महाभारताच्या दोन्ही टोकांना कुत्रा उभा आहे. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या निरपराध पिलाला यज्ञभूमीवर मारतात. पिलाने हविर्द्रव्य चाटले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा जाब विचारते, उत्तर मिळत नाही आणि ती शाप देते. महाप्रस्थानिकपर्वात सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे नंतर उघड होते. येथे परीक्षा माणसाची होते. कुत्र्याने आपले काम वाटेवरच केलेले असते. त्याच्यासाठी काय सोडायचे, हे ठरवणे माणसाकडे उरते. अद्भुत साहसकथेला हवा असलेला नैतिक पेच येथे पूर्णपणे तयार आहे.

लोककथांत या सूत्राची दोन रूपे विशेष प्रसिद्ध आहेत. पहिले जादूच्या अंगठीच्या कथेचे. गरीब मुलगा इतरांनी टाकलेले कुत्रा, मांजर आणि साप यांना वाचवतो. सापाकडून त्याला अंगठी मिळते, ती चोरीस जाते आणि कुत्रा व मांजर नदी ओलांडून ती परत आणतात. भारतासह आशिया व यूरोपच्या मोठ्या भागात ही कथा आढळते. दुसरे रूप गहाण टाकलेल्या कुत्र्याचे असून ते मध्य भारतात अनेक ठिकाणी सांगितले जाते. बंजारा आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो; सावकाराकडे चोरी होते, कुत्रा चोरीचा माल दाखवून देतो; सावकार गळ्यात कर्जमुक्तीची चिठ्ठी बांधून त्याला मोकळा करतो. कुत्रा वचन मोडून पळून आला असे समजून बंजारा त्याला ठार करतो आणि नंतर चिठ्ठी वाचतो. पंचतंत्रातील ब्राह्मणी व मुंगूस यांच्या कथेशी तिचे नाते उघड आहे. पहिल्या कथेत दयेची परतफेड आहे, तर दुसरीत अविश्वासाची किंमत.

मराठी लोकजीवनाची कुत्र्याकडे पाहण्याची दृष्टी दुहेरी आहे. खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला स्थान आहे. त्याचे वाघ्या हे उपासक कुत्र्याप्रमाणे भुंकून आपली सेवा प्रकट करीत. दत्तात्रेयाजवळच्या चार कुत्र्यांना चार वेदांचे प्रतीक मानले जाते. दुसरीकडे सोवळ्याच्या घरात त्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नसे आणि भाषेतील कुत्र्याविषयीचे बहुतेक वाक्‌प्रचार तुच्छतादर्शकच आहेत. ‘इमानी’ हे विशेषण देणारी भाषाच ‘कुत्र्याचे जिणे’ हा शब्दप्रयोग अपमानासाठी वापरते. बालसाहित्यात गाय, मांजर, चिमणी व पोपट घरच्यासारखे वावरतात, कुत्रा मात्र बहुधा अंगणातच राहतो. यामागे ही दृष्टी कारणीभूत असावी.

मराठी बालसाहित्यात या सूत्राची बळकट परंपरा उभी राहिली नाही. साने गुरुजींनी (१८९९–१९५०) खानदेशात, अमळनेर येथे, शिक्षक व वसतिगृहाचे चालक म्हणून काम करताना मुलांना गोष्टी सांगण्याची एक रीत रूढ केली. श्यामची आई (१९३५) या पुस्तकातील मोरी गायीचे प्रकरण मुक्या प्राण्याशी मुलाचे नाते किती उत्कट असू शकते हे दाखवते. परंतु त्यांचे क्षेत्र घर व संस्कार यांचे. घराबाहेरचे अद्भुत त्यांनी फारसे शोधले नाही.

अद्भुत साहसाचे दार मराठी मुलांसाठी मुख्यतः भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी उघडले. बालमित्र या मासिकाचे संपादन आणि ज्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्यांचे अनुवाद यांमुळे मराठी वाचकाला दूरची बेटे, समुद्रतळ व चंद्र यांची ओळख झाली. व्हेर्नच्या साहित्यात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. पंधरा वर्षांच्या डिक सँडच्या कथेतील (१८७८) डिंगो ‘एस’ व ‘व्ही’ ही दोनच अक्षरे ओळखतो. ती त्याच्या मृत धन्याच्या नावाची आद्याक्षरे असतात आणि मारेकऱ्याचा निकाल लावताना तो स्वतःही मरतो. गूढ बेटावरील कथेतील टॉप हा कुत्रा विहिरीच्या तोंडाशी गुरगुरतो तेव्हा बेटावर आणखी कोणी असल्याची खूण वाचकास मिळते. भागवतांच्या स्वतंत्र लेखनाचा नायक फास्टर फेणे ऊर्फ बनेश याची खरी सोबतीण मात्र सायकल आहे. माली व सुभाष हे सवंगडी बरोबर असतात. पण संकटाकडे झेपावणे आणि तेथून निसटणे हे सायकलीमुळे साधते. शहरी मराठी मुलाच्या मुक्तपणाचे प्रतीक म्हणून ही निवड अचूक होती. यंत्र निष्ठावान नसते आणि विश्वासघातही करीत नाही, त्यामुळे निष्ठेचा पेच या कथांत सायकलीभोवती उभा राहू शकत नाही. रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्यांनी (संस्था स्थापना १९६२) राक्षस व चेटकिणी रंगभूमीवर आणून अद्भुताला वाट करून दिली, ती वेगळ्या दिशेने.

पाश्चात्त्य बालसाहित्यात हे सूत्र विसाव्या शतकात बहरले. फ्रँक बॉमच्या ओझ नगरीच्या कथेत (१९००) डोरोथीचा टोटो पडदा पाडून जादूगाराचे ढोंग उघडे करतो. जेम्स बॅरीच्या पीटर पॅनमध्ये (नाटक १९०४) मुलांची दाई नाना ही कुत्रीच आहे. वडील तिला अंगणात बांधतात त्या रात्रीच मुले उडून जातात. बेल्जियन चित्रकथाकार एर्जे याने १९२९ मध्ये टिनटिन व त्याचा पांढरा कुत्रा मिलू यांना जन्म दिला. आरंभीच्या चित्रकथांत मिलूचे मनोगत वाचकाला वाचता येते. कॅप्टन हॅडॉक हा मानवी मित्र आल्यानंतर ते क्रमाने कमी होते. नॉर्टन जस्टरच्या १९६१ च्या कादंबरीत मायलो या कंटाळलेल्या मुलाला मायावी टोलनाक्यापलीकडे टॉक नावाचा कुत्रा भेटतो. त्याच्या अंगातच घड्याळ आहे आणि वेळ वाया जाऊ न देणे हे त्याचे काम. इंग्रजीत ‘पहारा’ व ‘घड्याळ’ यांना एकच शब्द असल्याने हा श्लेष जमतो. मराठीत तो अशक्य वाटतो. पण ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या कालवाचक शब्दापासूनच आलेला आहे. अनुवादकाला आवश्यक असलेला श्लेष भाषेच्या पोटात आधीच आहे.

अशा कथांत काही दोष वारंवार आढळतात. कुत्रा केवळ साधन होतो. नायक अडकला की तो दोर आणतो, एरवी त्याचे अस्तित्व नसते. त्याचा मृत्यू वाचकाच्या अश्रूंसाठी योजला जातो. तो माणसासारखा बोलू लागला की त्याची निष्ठा पुष्कळदा पाठ केलेल्या उपदेशासारखी वाटते. मुकेपणातील अनिश्चितता नाहीशी होते. याहून गंभीर दोष म्हणजे आज्ञाधारकपणालाच निष्ठा मानणे. ज्या कथेत कुत्रा सर्वस्व देतो आणि मुलगा फक्त घेतो, ती कथा बालवाचकाला नकळत असे शिकवते की, प्रेम मिळणे हा सबळाचा हक्क आहे. युधिष्ठिराची कथा याच्या नेमकी उलट आहे आणि म्हणून ती आजही कसोटी म्हणून वापरता येते.

या सूत्राला लागणारी वास्तव सामग्री मराठी प्रदेशात आहे. धुळे शहरात पांझरेपलीकडील देवपूर ही आता नागर वस्ती आहे. तथापि त्याच जिल्ह्यातील साक्री व शिंदखेडा तालुक्यांच्या माळरानांवर ठेलारी मेंढपाळ कळपांसह वणवण करीत आले आहेत. रात्री कळपाभोवती लांडग्याची चाहूल घेणारा कुत्रा आणि त्याच्या भरवशावर झोपणारा मेंढपाळाचा मुलगा ही जोडी तेथे कल्पनेची नाही. तिच्यापुढे तापीचे खोरे व सातपुड्याचे डोंगर आहेत. लोककथेतील अंगठी व गहाण कुत्रा हे तिचे वारसे आहेत. या मुलाला अद्भुताच्या वाटेवर नेताना कुत्र्यासाठी त्याने काय सोडले, एवढा प्रश्न लेखकाने जागता ठेवला, तर परकीय नमुन्यांच्या अनुकरणाची गरज राहणार नाही. गावातल्या कुत्र्याला दगड मारणारा आणि भाकरी टाकणारा असे दोन्ही हात बालवाचकाच्या ओळखीचे असतात. त्यांतील कोणता हात आपला, हे त्याला विचारण्याचे सामर्थ्य या साध्या आशयसूत्रात आहे.