स्वप्नांचे नगर आणि प्रीतीचे वजन

डेमियन शॅझेल यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘ला ला लँड’ हा संगीतपट २०१६ च्या ऑगस्टअखेरीस व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. पुढील वर्षी त्याला ऑस्करची १४ नामांकने व ६ पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून चुकून त्याचेच नाव पुकारले गेले आणि काही क्षणांत तो मान ‘मूनलाइट’ या चित्रपटाला द्यावा लागला, हा प्रसंग तर तो न पाहिलेल्यांनाही ठाऊक आहे. इतक्या वर्षांनंतर या पानांतून त्याची दखल घेण्याचे कारण असे की, ‘स्वप्न’ हा शब्द आपले तरुण आज ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ बव्हंशी अशा चित्रपटांनी घडविलेला आहे. विवाहाचा विचार घेऊन धर्मगुरूंकडे येणाऱ्या मुलामुलींच्या मनात पुष्कळदा एकच प्रश्न घोळत असतो: मी माझे काम निवडू की हे माणूस निवडू? या चित्रपटाचा विषयही तोच होय.

कथानक साधे आहे. लॉस एंजल्स शहरात मिया ही तरुणी एका स्टुडिओच्या आवारातील कॉफीच्या दुकानात काम करते आणि नटी होण्याच्या आशेने चाचण्यांमागून चाचण्या देते. सबॅस्टियन हा पियानोवादक जॅझ संगीताचा कट्टर उपासक असून स्वतःचा क्लब काढण्याचे त्याचे स्वप्न आहे. नाताळच्या दिवसांत एका उपाहारगृहात नेमून दिलेली नाताळगीते सोडून तो स्वतःची धून वाजवितो आणि नोकरी गमावून बसतो. तीच धून कानी पडून मिया आत आलेली असते. पुढे ऋतूंच्या मथळ्यांखाली दोघांचे प्रेम जुळते, फुलते आणि विस्कटते. पाच वर्षांनंतरच्या हिवाळ्यात ती विख्यात नटी झालेली असते; तिचे लग्न झालेले असते व तिला एक लहान मुलगी असते. पतीसमवेत ती सहज एका क्लबात शिरते आणि तो सबॅस्टियनचा निघतो. तो ती जुनी धून वाजवू लागतो, दोघांचे जे आयुष्य होऊ शकले असते ते काही मिनिटे पडद्यावर उलगडते, आणि दुरून एकमेकांकडे पाहून केलेल्या किंचित स्मितावर चित्रपट संपतो.

बोलता बोलता पात्रांनी गाऊ लागावे ही रीत आजच्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला परकी झाली आहे. मराठी वाचकाला तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून पदे म्हणणारी पात्रे आपल्या परिचयाची आहेत. आम्हांस लक्षणीय वाटते ते असे की, या चित्रपटात माणसे कोठे गातात याहून कोठे गात नाहीत हे अधिक बोलके आहे. आरंभी रहदारीत खोळंबलेल्या मोटारींतून उतरून अवघा उड्डाणपूल गाऊ लागतो. सायंकाळच्या टेकडीवर दोघे नाचतात, ग्रिफिथ वेधशाळेत तर ताऱ्यांमध्ये तरंगतात. पुढे प्रेमाला चिरा पडू लागतात तशी गाणी विरळ होत जातात. भोजनाच्या वेळी जे भांडण होते त्यात गाणे नाहीच. पार्श्वभूमीला लागलेली तबकडी संपून जाते आणि भट्टीत करपलेल्या पदार्थाच्या धुराने भोंगा वाजू लागतो. दिग्दर्शकाची समज येथे उच्च दर्जाची आहे. एमा स्टोन आणि रायन गॉसलिंग हे गायनात मुरलेले कलावंत नव्हेत. त्यांचे आवाज पातळ आहेत, आणि पियानोजवळचे त्यांचे युगुलगीत तसेच मियाचे चाचणीतील गीत ही चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित केलेली आहेत. त्या कच्च्या आवाजांमुळे ही माणसे आपल्या शेजारची वाटतात.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. महत्त्वाकांक्षा आणि प्रेम यांत निवड करावी लागली व म्हणून ही दोघे दुरावली, असा या चित्रपटाचा सर्वसाधारण अर्थ लावला जातो. चित्रपट बारकाईने पाहिल्यास असे दिसते की तशी निवड करण्याची वेळ त्यांच्यावर फारशी आलेलीच नाही. मिया आपल्या आईशी दूरध्वनीवर बोलत असते. सबॅस्टियनला अजून स्थिर उत्पन्न नाही, पण तो काहीतरी करील, अशा आशयाचे ते बोलणे त्याच्या कानी पडते. छताकडे पाहत पडल्या पडल्या तो ठरवितो की कीथच्या वाद्यवृंदात जावयाचे. कीथ (ही भूमिका गायक जॉन लेजंड यांनी केली आहे) लोकप्रिय संगीत वाजवितो, दौरे काढतो, पैसे देतो. सबॅस्टियन हे सारे मियासाठी करतो, परंतु तिला विचारीत नाही. तिला ते नको असते, आणि तीही बराच काळ ते बोलून दाखवीत नाही. भांडणाच्या वेळी दोघांच्या मनातले एकदमच बाहेर पडते तेव्हा वाक्ये मोजून मापून जखम करणारी असतात. न विचारता केलेला त्याग हा समोरच्यावर चढविलेला ऋणाचा बोजा ठरतो, हे विवाहित जीवनात आपण नित्य पाहतो. हा प्रसंग शॅझेल यांनी अचूक लिहिला आहे. त्याचा अर्थ मात्र ते सोडून देतात. ऋतू बदलला म्हणून प्रेम सरले, असा आभास मथळ्यांनी निर्माण होतो. दोघांनी एकमेकांशी वेळीच न बोलल्याचा दोष वाऱ्यावर सोडला जातो.

कीथ आणि सबॅस्टियन यांच्या वादालाही चित्रपट पुरता न्याय देत नाही. कीथचे म्हणणे असे की, जॅझ घडविणाऱ्यांनी जुने मोडून नवे केले; जो केवळ जुन्यालाच कवटाळतो तो त्यांचा वारस कसा? हे म्हणणे विचारार्ह आहे, पण पुढच्याच प्रसंगांत कीथचे संगीत भपकेबाज करून दाखविल्याने वादाचा निकाल आधीच लागून जातो. जॅझ ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची निर्मिती असता तिचा एकनिष्ठ रक्षक गोरा आणि तिला विकणारा कृष्णवर्णीय असावा, हा आक्षेप त्या वेळीच घेतला गेला व तो आम्हांस रास्त वाटतो.

पोटासाठी वाजविणे म्हणजे कलेशी द्रोह, हे समीकरण तर आमच्या गोव्याच्या वाचकांना मुळीच पटू नये. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकून मुंबईस गेलेल्या वादकांनी हॉटेलांत जॅझ वाजविले आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत मजुरीवर काम केले. लोक ज्यांना चिक चॉकलेट म्हणत ते अंतोनियो झेवियर वाझ हे ताजमहाल हॉटेलात वाजवीत, आणि सी. रामचंद्र यांच्या संगीताने गाजलेल्या ‘अलबेला’ (१९५१) मध्येही त्यांची तुतारी ऐकू येते. माजोर्डाच्या आंथनी गोन्साल्विस यांनी स्टुडिओतील नोकरी सांभाळून हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास घेतला व १९५८ साली त्यासाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभा केला. पुष्कळ प्रेक्षकांना त्यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील एका गमतीच्या गाण्यापुरतेच ठाऊक आहे. ते गाणे म्हणजे संगीतकार प्यारेलाल या त्यांच्या शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा होती, हे थोड्यांना माहीत असते. या माणसांनी कुटुंबे पोसली आणि ध्यासही सोडला नाही. सबॅस्टियनच्या जगात अशा माणसाला जागाच नाही.

तरीही या चित्रपटातील एक प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो, आणि आश्चर्य असे की त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मियाने स्वतः लिहिलेल्या एकपात्री नाट्यप्रयोगाला मोजकेच लोक येतात. सबॅस्टियनही कामात अडकून पोहोचत नाही. पाठीमागे कुणीतरी केलेली कुचेष्टा तिच्या कानी पडते, आणि ती सर्व सोडून नेवाडातील आपल्या गावी परतते. नंतर सबॅस्टियनला दूरध्वनी येतो: प्रयोगाला हजर असलेल्या एका बाईंनी तिला मोठ्या चित्रपटाच्या चाचणीस बोलाविले आहे. तो रातोरात मोटार हाकीत तिच्या गावी जातो, घराचा पत्ता माहीत नसता तिने कधी सांगितलेल्या खुणेवरून ते शोधतो आणि भोंगा वाजवून सारी गल्ली जागी करतो. ती नको म्हणते. आपल्यात काही नाही अशी तिची खात्री झालेली असते. सकाळी निघतो, असे सांगून तो जातो आणि सकाळी ती येते.

बाळ शमुवेल रात्री हाक ऐकतो आणि ती एलीची समजून त्याच्याकडे धावतो. हाक कोणाची आहे हे त्याला वृद्ध एलीने सांगावे लागते, हा शास्त्रभाग आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत नेहमी शिकवितो. पाचारण पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून कळते, आणि सांगणाऱ्याला त्यातून काहीही मिळावयाचे नसते. एलीला तर त्या हाकेतून स्वतःच्या घराण्याविरुद्धचाच निरोप मिळाला. सबॅस्टियनही जो निरोप नेतो तो तिला त्याच्यापासून दूर पॅरिसला नेणारा आहे. ‘स्वप्न’ आणि ‘पाचारण’ यांत जे अंतर आहे ते या एका प्रसंगात आपोआप दिसून येते: स्वप्न मनुष्य स्वतःविषयी पाहतो, पाचारणाची हाक मात्र बाहेरून येते आणि ती ओळखण्यास प्रीती करणारे दुसरे कोणी लागते. चाचणीत मिया जे गीत गाते तेही स्वतःविषयी नसून आपल्या मावशीविषयी आहे. चित्रपटाने येथे आपल्या घोषवाक्याहून मोठे काही सांगितले आहे.

तरुणपणी नट असलेल्या एका धर्मगुरूची येथे आठवण होणे साहजिक आहे. कारोल वोयतिवा हे जर्मन अंमलाखालील क्राकूव शहरात गुप्तपणे नाट्यप्रयोग करणाऱ्या मंडळीत होते. १९४२ साली त्यांनी गुप्त गुरुविद्यालयात प्रवेश घेतला, तेव्हा त्यांचे नाट्यगुरू कोत्लार्चिक यांनी त्यांना परावृत्त करण्याचा यत्न केला. रंगभूमी सुटली तरी लेखणी सुटली नाही; १९६० साली टोपणनावाने त्यांनी ‘सोनाराचे दुकान’ या अर्थाच्या नावाचे विवाहविषयक नाटक प्रसिद्ध केले. त्यात नवऱ्याशी दुरावलेली आना आपली अंगठी विकावयास जाते. सोनार ती तराजूत घालतो आणि काटा हलत नाही. नवरा हयात असेपर्यंत या अंगठीला वेगळे वजन नाही, दोन्ही मिळूनच ते भरते, अशा आशयाचे तो तिला सांगतो. पुढे पोप दुसरे जॉन पॉल झालेल्या या लेखकाने कलेचा त्याग आणि कलेची सेवा ही दोन्ही केली होती. ‘ला ला लँड’ ज्या तराजूत दोघांची स्वप्ने वेगवेगळी तोलतो तो तराजू त्यांनी नाकारला असता असे आम्हांस वाटते.

शेवटाविषयी आमचा मतभेद सर्वांत तीव्र आहे. कल्पनेतल्या त्या आयुष्यात सबॅस्टियन कीथला नकार देतो, मियाचे नाटक तुडुंब गर्दीत होते, दोघे पॅरिसला जातात, त्यांना मूल होते. येथवर सर्व मधुर आहे. परंतु अखेरीस ती दोघे क्लबात येतात ती श्रोते म्हणून. क्लब सबॅस्टियनचा नाही. कल्पनेतही एकाचे स्वप्न गळून पडले आहे, हा तपशील दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या कल्पनेत ज्याची जागा सबॅस्टियन घेतो तो मियाचा पती शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे. त्याला व्यक्तित्व नाही, इतिहास नाही, पत्नीच्या चेहऱ्यावर काय चालले आहे हे पाहण्याइतके डोळेही त्याला दिलेले नाहीत.

हा शेवट शॅझेल यांनी जाक देमी यांच्या ‘शेरबूरच्या छत्र्या’ (१९६४) या फ्रेंच संगीतपटावरून घेतला आहे, हे उघड आहे; देमी यांचे ऋण त्यांनी कधी लपविलेले नाही. त्या चित्रपटात एकही वाक्य बोलले जात नाही, सर्व संवाद गायिले जातात. तेथे प्रेमिकांची ताटातूट होते ती अल्जीरियाच्या युद्धामुळे, आईच्या कर्जामुळे, पोटातल्या बाळामुळे आणि न येणाऱ्या पत्रांमुळे. वर्षांनंतर नाताळच्या सुमारास श्रीमंत झालेली जनव्हिएव्ह पेट्रोलपंपावर थांबते. तो पंप गीचा असतो. दोघांचे थोडे बोलणे होते, ती निघून जाते. देमी यांचा कॅमेरा तिच्यामागे जात नाही. मादलेन, म्हणजे गीची पत्नी, लहान मुलाला घेऊन परत येते, आणि बर्फात बाप मुलाबरोबर खेळू लागतो.

युवकांच्या मेळाव्यात ‘ला ला लँड’ दाखविण्याचा कोणाचा विचार असेल तर १२८ मिनिटांचा हा चित्रपट एका बैठकीत दाखविता येतो, पण नंतर चर्चेला वेळ राखून ठेवावा. ‘तू कोणते स्वप्न निवडशील?’ हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. सबॅस्टियनने त्या रात्री मियाला काय विचारावयास हवे होते, आणि क्लबातून बाहेर पडल्यावर मोटारीत ती पतीशी काय बोलली असेल, हे त्यांना लिहावयास सांगावे. शक्य असेल तेथे देमी यांचा पेट्रोलपंपाचा प्रसंगही पाठोपाठ दाखवावा. फ्रेंच न समजणाऱ्यांनाही तो समजतो.