टीकांची निवड

तुमसर तालुक्यातील आंबागडच्या किल्ल्याखाली राहणाऱ्या माणसाला आज गीतेवरील टीका शोधीत शहर गाठावे लागत नाही. हातातल्या फोनमध्ये त्या सगळ्या मावतात. पण मावतात म्हणून साऱ्याच घ्याव्यात काय? माझ्या मते नाही. टीकांचा संग्रह म्हणजे दिवाळीच्या फराळाचे ताट नव्हे, की प्रत्येक पदार्थ थोडाथोडा हवाच!

निवडीला मी एकच कसोटी लावतो : टीकाकार कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे? ज्ञानेश्वरी (शके १२१२) संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्याला गीतेच्या गाभाऱ्यात नेते. वामन पंडितांची 'यथार्थदीपिका' ज्ञान व सगुण भक्ती यांची सांगड तर्काने घालते. टिळकांचे 'गीतारहस्य' (१९१५) ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे की करावे, हा वाद मांडते. विनोबांची धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचने (१९३२) सोबतच्या बंदिवानांशी बोलतात. या चौघांचे सूर जुळत नाहीत, म्हणूनच ते शेजारी शेजारी हवेत. पाचवा यांचेच पुन्हा सांगत असेल, तर त्याला खुशाल राहू द्यावे.

मात्र फोनमधली ज्ञानेश्वरी कोणत्या प्रतीवरून उतरली, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शोधून शुद्ध केला. राजवाड्यांनी १९०९ मध्ये निराळ्या पाठाची प्रत छापली. संपादकाचे नाव नसलेली पोथी कितीही सुबक अक्षरांत दिसो, अभ्यासाला मी ती घेणार नाही. मूळ पाठच डळमळीत असेल, तर त्यावर रचलेला अर्थ उभा राहणार कशावर?