दुःखाचे कारण : निरीश्वरवाद आणि धम्म

महाराष्ट्रातील निरीश्वरवादी विचारवंतांत डॉ. श्रीराम लागू यांचे नाव आदराने घ्यावे लागते. परमेश्वराला आता ‘रिटायर’ करावे, असे त्यांनी निर्भयपणे मांडले. ईश्वर सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल, तर निरपराधांच्या वाट्याला दुःख का यावे, हा निरीश्वरवाद्यांचा मूळ प्रश्न होय. ‘ईश्वराची लीला’, ‘त्याने घेतलेली परीक्षा’ ही उत्तरे ते नाकारतात. हा नकार आम्हांस मान्य आहे. तथापि तो पुरेसा आहे काय, हे तपासणे अगत्याचे आहे.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तथागतांनी तीन मतांचे खंडन केले आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत. ईश्वराच्या निर्मितीमुळे, हे दुसरे. आणि कारणाविनाच, हे तिसरे. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी काय करावे व काय करू नये, हा विवेकच उरत नाही, असा तथागतांचा आक्षेप आहे. ईश्वर नाकारल्याने केवळ दुसरे मत कोसळते. नशीब आणि योगायोग मात्र जागच्या जागी राहतात.

पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याचा डोंगरी मुलूख याची साक्ष देतो. १२ जुलै १९६१ रोजी वेल्ह्यातील पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. हा देवाचा कोप नव्हता, हे निरीश्वरवादी सांगेल. परंतु तो निव्वळ निसर्गाचा तडाखाही नव्हता. धरणाचे काम अपुरे असताना पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीच्या बांधकामात पोलादी सळयांचा आधार नव्हता. कारण होते आणि ते माणसांच्या निर्णयात होते.

भोरच्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटणकडे जाते. पण ज्या डोंगरांवर पाऊस कोसळतो, तेथील कित्येक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हंडा वाहणारी माउली ‘आमच्या नशिबातच हे’ म्हणते, तेव्हा पाण्याच्या वाटपाचा प्रश्न विचारलाच जात नाही.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. दरिद्री व दलितांच्या स्थितीला त्यांचे गतजन्मीचे कर्म कारण ठरविले, की राज्य आणि समाज जबाबदारीतून मोकळे होतात. असे असूनही आपल्याच काही विहारांतून, अपघाताने वा आजाराने खचलेल्या कुटुंबास ‘पूर्वजन्मीचे कर्म’ ऐकविले जाते. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी वेदनेची अनेक कारणे सांगून, सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांना तथागतांनी चूक ठरविले आहे. याचे विस्मरण धम्मप्रवचनकारांना परवडणारे नाही.

म्हणून निरीश्वरवाद्यांस आमचे सांगणे असे, की ईश्वराच्या निवृत्तीने काम निम्मेच होते. आणि उपासक-उपासिकांस सांगणे असे, की दुःखाचे जे स्पष्टीकरण जबाबदार व्यक्तीस वा व्यवस्थेस सुटू देते, ते पालीत सांगितले तरी धम्म नव्हे. समुदय ओळखणे याचा अर्थ निवारता येईल असे कारण शोधणे होय.